परदेशातील आपली छाप आणि सरकारी दूतांचे साह्य

असोसिएशनच्या वार्षिक स्मरणिकेसाठी सभासदांना उपयोगी पडेल असा काही मजकूर लिहावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म रविवार पेठेतील पेढीवर, धान्याच्या थप्प्यांत आणि काट्याजवळ गेलेला. तथापि काही वर्षांपूर्वी परदेशच्या व्यापारात आमच्यावर जो प्रसंग गुदरला व त्यातून जे शिकावयास मिळाले, ते आपल्या बंधूंना वेळीच कळले तर त्यांचा पैसा व मनस्ताप वाचेल, अशा बुद्धीने हे चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या पेढीच्या तांदळाच्या पोत्यावर तीन कणसांची छाप असते. ती आजोबांनी काढविली आणि वडिलांनी १९५८ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्याखाली १९६८ साली नोंदविली. ते प्रमाणपत्र चौकटीत घालून आजही गादीमागे टांगलेले आहे. २००८ पासून आम्ही आखातातील एका बंदरी थोडाथोडा माल पाठवू लागलो व २००९ साली तेथील एका व्यापाऱ्यास आमचा प्रतिनिधी नेमले. तो आपलाच देशबंधू. पाच वर्षे व्यवहार गोडीने चालला. पुढे भावावरून बिनसले आणि आम्ही दुसऱ्या घरी माल देऊ लागलो.

२०१५ च्या आरंभी त्याच शहरी नांदत असलेल्या आमच्या कन्येचा फोन आला. ती म्हणाली, "अण्णा, आपल्या छापेचे पोते आणले, पण भात आपला नाही." आम्हांस वाटले, जुना माल असेल. महिना लोटतो न लोटतो तोच बातमी आली की, आम्ही पाठविलेला कंटेनर तेथील जकात खात्याने अडविला आहे. कारण असे की, तीन कणसांची छाप त्या देशी २०१२ सालीच त्या जुन्या प्रतिनिधीने स्वतःच्या नावे नोंदवून ठेवली होती. त्यामुळे त्याच्या पोत्यातील परका तांदूळ कायद्याने खरा ठरला आणि आमच्या आजोबांच्या छापेचा आमचाच माल नकली ठरला.

छापेचा हक्क वेशीपाशी का थांबतो

येथेच आमचा पहिला व मोठा गैरसमज उघडा पडला. गादीमागचे प्रमाणपत्र जगभर चालते, अशी आमची भाबडी समजूत होती. वस्तुस्थिती अशी की, व्यापारचिन्ह, एकस्व म्हणजे पेटंट, वस्तूचा नमुना व तिचे स्थाननाम, ही जी बौद्धिक संपदा म्हणून ओळखली जाते, तिचा हक्क ज्या त्या देशाच्या कायद्याने जन्मतो आणि त्या देशाच्या सीमेपाशी संपतो. बेळगावच्या शेताचा उतारा दाखवून जसा परमुलखातील शेतावर ताबा सांगता येत नाही, तसेच हे आहे. त्यातही काही देशांत ज्याने चिन्ह प्रथम वापरले त्याचा हक्क श्रेष्ठ मानतात, तर पुष्कळ देशांत ज्याने प्रथम नोंदविले त्याचाच मान. दुसऱ्या प्रकारच्या देशात झोपी जाणाऱ्याचे घर लुटले जाते.

ही अडचण नवी नव्हे. १८७३ साली व्हिएन्ना येथे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा आपल्या कल्पना परक्या देशी चोरल्या जातील या भयाने अनेक परदेशी कारागीर व संशोधक आपली यंत्रे मांडण्यास कचरू लागले. त्यातून वाटाघाटींना चालना मिळाली आणि १८८३ साली पॅरिस येथे ११ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी औद्योगिक संपदेच्या रक्षणाचा करार केला. म्हणजे या विषयात सरकारी दूतांचे पहिले साह्य म्हणजे हा करारच होय. सभासद देशाने परदेशी माणसास आपल्या नागरिकाइतकेच संरक्षण द्यावे, हे त्याचे मुख्य तत्त्व. एका देशात चिन्हाचा अर्ज केल्यापासून ६ महिन्यांच्या आत दुसऱ्या सभासद देशात अर्ज केल्यास पहिलीच तारीख धरली जाते. एकस्वास ही मुदत १२ महिन्यांची आहे. भारत या करारात ७ डिसेंबर १९९८ रोजी सामील झाला. तत्पूर्वी १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा 'ट्रिप्स' नावाचा करारही अमलात आला होता. त्याने सर्व सभासद देशांवर बौद्धिक संपदेच्या रक्षणाची किमान बंधने घातली.

दूत म्हणजे कोण व ते काय करतात

परदेशी बहुतेक राजधान्यांत आपली वकिलात असते व मोठ्या बंदरी किंवा व्यापारी शहरी वाणिज्य दूतावास असतो. पासपोर्टाच्या कामाकरिता लोक तेथे जातात हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथे व्यापाराकरिता नेमलेला अधिकारी असतो व त्याचे दार लहान व्यापाऱ्यासही उघडे असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. आम्हांसही नव्हते.

काही राष्ट्रांनी तर या एकाच कामासाठी स्वतंत्र अधिकारी ठेवले आहेत. अमेरिकेच्या पेटंट व व्यापारचिन्ह कार्यालयाचे बौद्धिक संपदा अधिकारी दिल्ली, बीजिंग आदी ठिकाणच्या त्यांच्या वकिलातींत बसतात. ब्रिटननेही तसे अधिकारी नेमले आहेत. त्यांचे काम स्थूलमानाने चार प्रकारचे असते. पहिले, आपल्या देशाच्या व्यापाऱ्यास तेथील कायदा, मुदती व कार्यालयांची रीत समजावून देणे. दुसरे, तेथील नोंदणी कार्यालय, जकात खाते व पोलीस यांच्याशी ओळख राखणे आणि नकली माल कसा ओळखावा याचे शिक्षण त्यांना मिळेल अशी व्यवस्था करणे. तिसरे, कायद्यात किंवा अंमलबजावणीत खोट दिसल्यास त्या सरकारपुढे ती मांडणे. आणि चौथे, मायदेशी अहवाल पाठविणे, ज्यावरून पुढील करारांच्या वाटाघाटी होतात.

या चौथ्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय १९८९ पासून दरवर्षी एक अहवाल प्रसिद्ध करते आणि त्यात ज्या देशांचे संरक्षण त्यास अपुरे वाटते, त्यांची नावे घालते. आपल्या देशाचे नाव त्यात वर्षानुवर्षे येत आले आहे व आपले सरकार त्यास वेळोवेळी उत्तर देत आले आहे. तात्पर्य, दूत जसा आपला असतो तसा समोरच्याचाही असतो आणि प्रत्येक जण आपल्या देशाच्या व्यापाऱ्याचे हित पाहतो. म्हणूनच आपणही आपल्या दूताचा उपयोग करून घेण्यास शिकले पाहिजे.

आमच्या प्रकरणात काय घडले

कंटेनर अडल्यावर आम्ही व आमचे चिरंजीव विमानाने तेथे पोहोचलो. मनात राग मावत नव्हता. आपल्या वकिलातीतील व्यापारविषयक अधिकारी वयाने आमच्या मुलाएवढे, त्यांनी तासभर शांतपणे सर्व ऐकले व मग म्हणाले, "शेठजी, मी आपला वकील नव्हे. न्यायालयात उभा राहू शकत नाही, आपली फी भरू शकत नाही आणि येथील अधिकाऱ्यास 'अमुक निकाल द्या' असे सांगू शकत नाही. शिवाय आपले प्रतिपक्षीही भारतीय आहेत. मला दोघेही सारखेच." हे ऐकून आमचे पाय गळाले. परंतु त्यांचे पुढचे वाक्य असे होते : "आता मी काय करू शकतो ते ऐका."

त्यांनी जे केले ते क्रमाने सांगतो. प्रथम त्यांनी बंदरातील जकात खात्याकडे चौकशी करून माल सोडविण्यासंबंधी काय रीत आहे, किती दिवसांत अर्ज करावयाचा व तो न केल्यास मालाचे काय होते, हे लेखी मिळवून दिले. आम्ही अर्जाची मुदत चुकविणारच होतो. त्या माहितीवरून आम्ही परवानगी काढली, छापेची पोती काढून टाकली आणि तांदूळ कोऱ्या पोत्यांत भरून विकला. बंदराचे भाडे जाता त्यात तोटाच आला. परंतु माल नष्ट होण्यापासून वाचला.

दुसरे, व्यापारचिन्हांचे काम करणाऱ्या स्थानिक वकिलांची यादी त्यांनी दिली, निवड मात्र आमच्यावर सोपविली. तिसरे, मुखत्यारपत्र कसे साक्षांकित करावे हे समजावले. ही बाब किरकोळ दिसते, पण पुष्कळांची प्रकरणे येथेच अडतात. कागदाच्या साक्षांकनाचा हेग येथील एक करार आहे व भारत त्यात २००५ पासून आहे. जो देश त्या करारात आहे तेथे आपल्या परराष्ट्र खात्याची 'अपोस्टील' नावाची एकच मोहोर पुरते. जो नाही, तेथे आपल्या खात्याच्या मोहोरेनंतर त्या देशाच्या दिल्लीतील वकिलातीची मोहोरही लागते. आम्ही नुसत्या नोटरीच्या सहीचे पत्र घेऊन गेलो होतो. ते तेथे कवडीमोल ठरले.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पॅरिस करारात असे एक कलम आहे की, एखाद्या चिन्हाच्या धन्याचा प्रतिनिधी धन्याच्या संमतीवाचून ते चिन्ह दुसऱ्या सभासद देशी स्वतःच्या नावे नोंदवील, तर धन्यास ती नोंद रद्द करविता येते, किंवा त्या देशाच्या कायद्याने मुभा दिल्यास ती आपल्या नावे करून मागता येते. मात्र आपली कृती न्याय्य होती असे प्रतिनिधीने दाखविल्यास गोष्ट वेगळी. या कलमाकडे आमच्या वकिलाचे लक्ष त्या अधिकाऱ्यांनीच वेधले. त्यासाठी दोन पुरावे लागतात : चिन्ह मुळात आपले होते हा, आणि तो मनुष्य आपला प्रतिनिधी होता हा. पहिल्यास वडिलांचे प्रमाणपत्र उपयोगी पडले. दुसऱ्यास २००९ चे आमचे नेमणुकीचे पत्र, छापेसह पाठविलेली बिजके आणि जहाजाच्या पावत्या कामी आल्या. आमच्या वृद्ध मुनीमांनी एकही कागद फेकला नव्हता, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आमचा अर्ज दाखल झाल्यावर त्या अधिकाऱ्यांनी उभयतांस आपल्या कचेरीत चहास बोलाविले. प्रतिपक्षीयाचे म्हणणे असे की, छाप तुमची खरी, परंतु ती या बाजारात ओळखीची केली कोणी? जाहिरातीचा खर्च त्याचा, दुकानोदुकानी पायपीट त्याची. प्रांजळपणे सांगावयाचे तर त्या बोलण्यात काही तथ्य होते. नेमणुकीच्या पत्रात छापेविषयी एक ओळही आम्ही लिहिली नव्हती. तीन बैठका झाल्या. अखेरीस २०१७ साली त्याने नोंद आमच्या नावे लिहून दिली. आम्ही त्याचा नोंदणीचा खर्च व छापील रिकाम्या पोत्यांची किंमत दिली आणि ती पोती उभयतांच्या समक्ष नष्ट केली. न्यायालयात कदाचित आम्ही जिंकलोही असतो. परंतु आणखी किती हंगाम गेले असते ते देव जाणे. दूताने निकाल दिला नाही, पण निकालाची वाट मोकळी केली.

एका गरीब देशाच्या दूताची कथा

दूत किती करू शकतो हे दाखविणारे एक प्रसिद्ध उदाहरण इथिओपियाच्या कॉफीचे आहे. सिदामो, हरार व यिर्गाचेफे या तेथील प्रांतांची कॉफी जगभर वाखाणली जाते. परंतु दुकानातील चढ्या किमतीचा अल्पसाच अंश शेतकऱ्यापर्यंत पोहोचत असे. म्हणून तेथील सरकारने २००५ साली ही तीन नावे अमेरिकेत व्यापारचिन्हे म्हणून नोंदविण्याचा अर्ज केला. अमेरिकेतील कॉफी व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने आक्षेप घेतला की, ही तर स्थळांची नावे, यावर मालकी कसली? स्टारबक्स या बलाढ्य कंपनीशीही मतभेद झाला; तिने सिदामो हा शब्द असलेल्या एका नावासाठी आधीच अर्ज केलेला होता.

खेड्यातील शेतकरी अशा कंपनीपुढे काय उभा राहणार? तेथे सरकार उभे राहिले. वॉशिंग्टनमधील इथिओपियाचे राजदूत सॅम्युएल असेफा यांनी वाटाघाटींत पुढाकार घेतला, प्रश्न वृत्तपत्रांपर्यंत नेला, आणि सेवाभावी संस्थांनी लोकमत जागे केले. जून २००७ मध्ये समझोता झाला : कंपनीने नावांवरील इथिओपियाचा हक्क मान्य करून परवान्याचा करार केला, व इथिओपियाने त्या परवान्याबद्दल स्वामित्वधन घेतले नाही. पैसा न घेता हक्काची कबुली घेणे, यात मुत्सद्दीपणा होता. कबुली असली म्हणजे पुढच्या सौद्यास जोर येतो, हे आपण व्यापारी चांगले जाणतो.

आपल्या बासमतीचा धडा

आता आपल्या धान्याकडे वळू. २ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील राइसटेक कंपनीस बासमतीच्या वाणांवर व दाण्यांवर एकस्व मिळाले. त्यात २० दावे होते. हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान् पिढ्या पिकणाऱ्या तांदळाच्या गुणांवर परक्याने मालकी सांगितली, म्हणून देशभर संताप उसळला. परंतु संतापाने एकस्व रद्द होत नाही. केंद्र सरकारच्या 'अपेडा' या कृषी निर्यात प्राधिकरणाने वाणांचे शास्त्रीय पुरावे जमवून एप्रिल २००० मध्ये फेरतपासणीचा अर्ज केला. कंपनीने आधी ४ दावे सोडले, मग आणखी. शेवटी २० पैकी ५ उरले व तेही तिच्या स्वतःच्या विशिष्ट वाणांपुरते.

तत्पूर्वी हळदीचेही असेच झाले होते. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर १९९५ साली अमेरिकेत एकस्व दिले गेले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिने जुने ग्रंथ व १९५३ च्या वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करविले. आमच्या आजीस जे ठाऊक होते ते सिद्ध करण्यास छापील कागद लागला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता कोणी विचारील की, बासमतीच्या नावाचा तंटा सरकारने थेट जागतिक व्यापार संघटनेत का नेला नाही? उत्तर असे की, जे स्थाननाम मूळ देशातच कायद्याने संरक्षित नाही, त्याचे रक्षण करण्याचे बंधन ट्रिप्स करार इतरांवर घालत नाही; आणि १९९७ साली आपल्या देशात स्थाननामाच्या नोंदणीचा कायदाच नव्हता. दूत कितीही चतुर असला तरी रिकाम्या हाताने काय भांडणार? १९९९ साली भौगोलिक निर्देशनाचा कायदा संमत झाला, १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, आणि त्याखालील पहिली नोंद दार्जिलिंग चहाची झाली. पुढे २०११ साली युरोपीय संघानेही दार्जिलिंगचे नाव आपल्या नोंदवहीत घेतले.

बासमतीची नोंद आपल्याकडे २०१६ साली झाली. ग्वाल्हेरकडील आपल्या बंधूंस ठाऊकच आहे की, मध्य प्रदेशातील १३ जिल्ह्यांचाही त्यात समावेश व्हावा म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परदेशातील वाट तर अधिकच खडतर आहे. युरोपीय संघापुढील आपला अर्ज सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध होताच पाकिस्तानने हरकत घेतली. ऑस्ट्रेलियातील कार्यालयाने २०२३ साली आपला अर्ज अमान्य केला. कारण बासमती केवळ भारतातच पिकतो असे म्हणता येत नाही, पाकिस्तानातही तो पिकतो. यावरून दूताच्या सामर्थ्याची मर्यादा कळते. तो सत्य नीट मांडू शकतो, सत्य बदलू शकत नाही.

जवळचे उदाहरण

चामड्याचा व्यापार आपल्या परंपरेतील नव्हे. परंतु कोल्हापुरी चपलेचे उदाहरण आपल्याच मुलखातील असल्याने दिल्यावाचून राहवत नाही. या चपलेचे भौगोलिक निर्देशन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे. भाषा व सीमा यांवरून जेथे एवढे वाद झाले, तेथे कारागिरांचा हक्क दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे एकत्र नोंदला गेला, ही समाधानाची गोष्ट होय.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने तशाच चपला मूळ स्थानाचा उल्लेख न करता मांडल्या. महाराष्ट्र चेंबरच्या अध्यक्षांनी पत्र लिहिले व कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. काहींनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ती न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली, कारण दाद मागणारे हक्काचे नोंदलेले धनी नव्हते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईतील इटलीच्या वाणिज्य दूतावासात दोन्ही महामंडळे व कंपनी यांच्यात करार झाला, व मूळच्या कारागिरांकडून चपला करवून घेण्याचे ठरले. येथे यजमान समोरच्या देशाचा दूत होता. नोंद आधीच झालेली होती, म्हणून बोलणे कोणाशी करावयाचे याविषयी कंपनीस संशय राहिला नाही.

आपण काय करावे

अनुभवाने सुचलेल्या काही गोष्टी थोडक्यात सांगतो.

१. छाप प्रथम आपल्या देशात नोंदवावी. तांदूळ वर्ग ३० मध्ये येतो, कच्चे धान्य व बियाणे वर्ग ३१ मध्ये. नोंद १० वर्षांची असते व नूतनीकरण करता येते. ती तारीख वहीत ठळक लिहून ठेवावी.

२. पहिले पोते जहाजावर चढण्यापूर्वी त्या देशात नोंदणीचा अर्ज करावा. ८ जुलै २०१३ पासून भारत माद्रिद करारात आहे. त्यामुळे आपल्याच नोंदणी कार्यालयामार्फत एका अर्जाने अनेक देशांत मागणी करता येते. मूळ शुल्क काळ्या-पांढऱ्या चिन्हास ६५३ स्विस फ्रँक असून प्रत्येक देशाचे शुल्क वेगळे पडते. आखातात बहारीन व ओमान या करारात आधीपासून आहेत आणि संयुक्त अरब अमिराती २०२१ च्या अखेरीस आली. मात्र पहिल्या ५ वर्षांत मायदेशची नोंद कोसळली तर परदेशचीही कोसळते, म्हणून पाया पक्का असावा.

३. प्रतिनिधीच्या करारपत्रात स्पष्ट लिहावे की, छाप आमची आहे, ती तुम्ही स्वतःच्या नावे नोंदवू नये, आणि संबंध संपताच तिचा वापर थांबवावा. स्नेह कितीही असो, हे लिहिण्यात अविश्वास नाही. आमच्याकडून ते राहिले, म्हणूनच एका चांगल्या माणसास मोह झाला.

४. बिजके, जहाजाच्या पावत्या, जुनी पोती, जाहिरातीची कात्रणे जपून ठेवावी. परदेशी प्रदर्शनास गेल्यास आपल्या वकिलातीतील व्यापार अधिकाऱ्यास भेटून यावे. संकटात प्रथमच तोंड दाखविण्यापेक्षा आधीची ओळख बरी.

५. तक्रार घेऊन जाताना राग घरी ठेवावा व कागद बरोबर न्यावे. घटनांचा तारीखवार एक पानी सारांश दिल्यास अधिकाऱ्याचे काम सोपे होते.

सहावी सूचना असोसिएशनला आहे. सभासदांच्या सर्व छापांची, त्यांच्या नोंदणीच्या व नूतनीकरणाच्या तारखांची एक वही कार्यालयात ठेवावी. एकट्या व्यापाऱ्याच्या पत्रापेक्षा संस्थेच्या पत्रास कोठेही अधिक वजन असते. त्यातच आपल्या भागातील तांदळाचाही विचार व्हावा. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळास भौगोलिक निर्देशन मिळाले आहे. ज्या सुवासिक वाणास आपण बेळगाव बासमती म्हणतो, त्याची काळजी कोणी वाहावयाची? नाव टिकवावयाचे तर आधी शेतात वाण टिकला पाहिजे.

शेवटी एक गोष्ट. दुसऱ्याने आपली छाप चोरली की आपणांस राग येतो. परंतु चालत्या छापेशी मिळतीजुळती छाप काढून माल खपविणारे आपल्याही बाजारपेठांत आढळतात. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोट्या मापाबरोबरच प्रतिरूपक व्यवहार म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल विकणे, हाही अतिचार सांगितला आहे. राजदूतांच्या करारांहून कितीतरी जुना असा हा नियम आपल्या घरचाच आहे. तो पाळणाऱ्यासच परदेशच्या दारी ताठ मानेने उभे राहून न्याय मागता येतो.

आता आमच्या कन्येच्या घरी पुन्हा आमच्याच छापेचे पोते येते. भात कसा झाला, हे ती प्रत्येक हंगामात आवर्जून कळविते. प्रमाणपत्राच्या चौकटीशेजारी आता त्या देशाच्या नोंदीचीही चौकट लागली आहे. ती लावण्यास आम्हांस दोन वर्षांवर काळ व पुष्कळ पैसा लागला. आपणांस तो लागू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.